कामगारांची झोप चोरणारी 'राणी' : 'डॉक्टर हू'मधली ही व्हिलन नेमकी आहे तरी कोण?

चाकण, भोसरी किंवा तळवड्यात थर्ड शिफ्ट केलेल्या माणसाला विचारा, नाईटमध्ये सगळ्यात जास्त काय छळतं? काम नाही, कॅन्टीनचं जेवण नाही, सुपरवायझरही नाही. छळते ती झोप. सकाळी कंपनीच्या बसमधून उतरायचं, खोलीवर यायचं, खिडकीला जाड चादर लावायची आणि डोळे मिटून पडून राहायचं. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या चालू, खाली भंगारवाल्याचा स्पीकर चालू. अंग मोडलेलं असतं, पण झोप लागत नाही. असे चार दिवस गेले की माणूस विनाकारण खेकसायला लागतो.

आता कल्पना करा, ही झोप तुमच्यापासून कुणी मुद्दाम काढून घेतली तर? शिफ्ट सुटली, तुम्ही हातपाय धुवायला गेलात, तिथं कसला तरी धूर आला, शुद्ध हरपली. उठलात तेव्हा मानेवर एक लाल डाग होता आणि त्यानंतर तुम्हाला कधीच विश्रांती मिळाली नाही.

ही गोष्ट बीबीसीने १९८५ मध्ये टीव्हीवर दाखवली होती. हे उद्योग करणाऱ्या बाईचं नाव काय होतं? तर 'द राणी'. हो, आपलीच राणी. इंग्रज लोक 'रानी' म्हणतात, पण शब्द तोच.

राणी ही 'डॉक्टर हू' या ब्रिटिश सायन्स फिक्शन मालिकेतली खलनायिका. १९८५ ला आली, १९८७ ला पुन्हा आली, मग जवळपास गायबच झाली आणि २०२५ मध्ये एका भारतीय वंशाच्या अभिनेत्रीच्या रूपात परतली. मधल्या काळात मालिकेत कुठलीही गूढ बाई दिसली की 'ही राणीच असणार' असं म्हणायची चाहत्यांना सवयच लागली होती. एवढा दबदबा असलेली ही बाई टीव्हीवर मुळात किती वेळा दिसली, हे मोजलं तर आश्चर्य वाटतं.

आधी 'डॉक्टर हू' म्हणजे काय ते समजून घेऊ

२३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झालेली ही मालिका. पहिल्या भागाचे दिग्दर्शक होते वारिस हुसेन, जन्म लखनौचा. म्हणजे भारताशी नातं अगदी पहिल्या दिवसापासूनचं आहे.

कथेचा पाया सोपा आहे. गॅलिफ्रे नावाच्या ग्रहावर टाईम लॉर्ड नावाची जमात राहते. त्यांच्याकडे काळात मागेपुढे जाणारी यंत्रं आहेत, त्यांना टार्डिस म्हणतात. त्यांच्यातलाच एक जण ग्रह सोडून भटकत राहतो, अडलेल्यांना मदत करतो, तो म्हणजे डॉक्टर. टाईम लॉर्ड मरणाच्या दारात पोचला की त्याचं शरीर बदलतं. चेहरा नवा, स्वभाव थोडा नवा, आठवणी जुन्याच. या युक्तीमुळे नट बदलत राहतात आणि मालिका संपत नाही.

यातल्या काही टाईम लॉर्डांना नावं नाहीत, पदव्या आहेत. एक डॉक्टर. त्याचा जुना दोस्त आणि आताचा वैरी, तो मास्टर. आणि तिसरी ही राणी. तिघंही एकमेकांना तरुणपणापासून ओळखतात.

राणीची निर्मिती कुणी केली?

पिप आणि जेन बेकर या नवराबायकोच्या लेखकजोडीने. फेब्रुवारी १९८५ मध्ये, २ आणि ९ तारखेला दोन भागांत आलेली 'द मार्क ऑफ द राणी' ही तिची पहिली कथा. भूमिका केली केट ओमारा या अभिनेत्रीने. तेव्हा डॉक्टर होता कॉलिन बेकर (लेखकांशी नातं नाही, आडनाव तेवढं एक), आणि मास्टर होता अँथनी एन्ली.

राणी मास्टरपेक्षा वेगळी कशी, तर मास्टरला जग जिंकायचंय, डॉक्टरचा सूड घ्यायचाय, मोठ्याने हसायचंय. राणीला यातलं काहीच नको. ती जीवरसायनशास्त्रज्ञ आहे आणि तिला तिचे प्रयोग शांतपणे करायचेत. डॉक्टर तिला अडथळा वाटतो आणि मास्टर तर डोक्याला ताप वाटतो. त्याच्या वेड्यावाकड्या कटांची ती त्याच्या तोंडावर टिंगल करते. दोन व्हिलन एकाच कथेत आणि त्यातली एक दुसऱ्याला वैतागलेली, ही गंमत त्या दोन भागांत फार छान जमलीय.

तिला गॅलिफ्रेवरून हाकललं का, याची हकीकतही भारी आहे. तिने उंदरांवर प्रयोग केले, उंदीर राक्षसाएवढे झाले आणि त्यांनी थेट राष्ट्राध्यक्षांचं मांजर खाल्लं.

मग तिने मियासिमिया गोरिया नावाचा एक ग्रह ताब्यात घेतला. तिथल्या लोकांचा मेंदू जास्त तल्लख व्हावा म्हणून त्यांच्या शरीरात फेरफार केले. लोक तल्लख झाले, पण त्यांची झोपण्याची क्षमता गेली. जनता बेभान झाली. आता त्यांना शांत करायला झोप आणणारं रसायन पाहिजे. ते कुठे मिळेल? पृथ्वीवरच्या माणसांच्या मेंदूत. म्हणजे एका ठिकाणी केलेला घोळ निस्तरायला दुसऱ्या ठिकाणच्या लोकांना पिळायचं. असले मॅनेजर सगळ्यांनीच पाहिलेले असतात.

पृथ्वीवर ती येते कधी, हेही हुशारीचं. ट्रोजन युद्ध, युरोपातलं अंधारयुग, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध. जिथं आधीच मारामाऱ्या चालल्यात तिथं आणखी चार माणसं पिसाळली तर कोण चौकशी करणार? या वेळी तिने निवडला औद्योगिक क्रांतीचा काळ.

किलिंगवर्थच्या न्हाणीघरात काय घडतं?

कथा घडते उत्तर इंग्लंडमधल्या किलिंगवर्थ या कोळसा खाणीच्या गावात. कामगार पाळी संपवून काळेठिक्कर होऊन येतात आणि सार्वजनिक न्हाणीघरात जातात. न्हाणीघर चालवते एक म्हातारी. ही म्हातारी म्हणजे वेश पालटलेली राणी. आत गॅस सोडून ती त्यांना बेशुद्ध करते आणि मेंदूतलं ते द्रव्य काढून घेते. मानेवर राहतो लाल डाग, त्यावरूनच कथेचं नाव.

बाहेर पडलेले कामगार पूर्वी शांत, घरंदाज होते. आता ते दिसेल त्याच्यावर धावून जातात, यंत्रं फोडतात. गावाला वाटतं हे लुडाईट, यंत्रविरोधी दंगेखोर. कुणालाच संशय येत नाही. डॉक्टरची सोबतीण पेरी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी. ती बिचारी झोपेची जडीबुटी शोधायला रानात जाते. त्या रानात राणीने सुरुंग पेरलेत, पाय पडला की माणसाचं झाड होतं. एका तरुणाचं होतंसुद्धा. हा भाग आज पाहताना हसू येतं, झाडाची फांदी पेरीला वाचवायला पुढे येते तेव्हा तर येतंच.

शेवटी डॉक्टर तिच्या टार्डिसमध्ये बिघाड करून ठेवतो. राणी आणि मास्टर त्यात अडकून अंतराळात फेकले जातात आणि बरणीतलं डायनासोरचं पिल्लू त्यांच्यासमोर मोठं व्हायला लागतं.

या कथेतला एक वाद मात्र विसरता येत नाही. ही माणसं आहेत, असं डॉक्टर तिला ऐकवतो. त्यावर तिचा सवाल असा, की हे लोक शेतातली जनावरं मारून खातात तेव्हा त्या जनावरांचा काय गुन्हा असतो? म्हणजे तुम्ही जनावरांशी जे वागता तेच मी तुमच्याशी वागते, मग तक्रार कसली? उत्तर द्यायला वेळ लागतो असा हा प्रश्न आहे. राणीचं पात्र टिकलं ते अशा थंड तर्कामुळे.

इतिहासाशी किती जुळतं?

किलिंगवर्थ खरं गाव आहे, न्यूकॅसलजवळ. कथेत भेटणारा जॉर्ज स्टीफनसन हाही खरा. खाणीतल्या यंत्रांवर काम करणारा हा माणूस, त्याने १८१४ मध्ये किलिंगवर्थला 'ब्ल्यूखर' हे वाफेचं इंजिन चालवून दाखवलं. १८१५ मध्ये खाणीत स्फोट होऊ नये म्हणून सुरक्षित दिवाही बनवला. लॉर्ड रेव्हन्सवर्थ हेही त्या भागातल्या खाणमालक घराण्याचं नाव. चित्रीकरण मात्र तिथं झालं नाही, ते झालं श्रॉपशायरमधल्या ब्लिस्ट्स हिल या खुल्या संग्रहालयात.

लुडाईटांच्या बाबतीत मालिकेने बरीच सूट घेतलीय. ते खाणकामगार नव्हतेच. १८११ मध्ये नॉटिंगहॅमशायरमध्ये मोजे विणणाऱ्या कारागिरांनी हे आंदोलन सुरू केलं, मग ते यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या कापड उद्योगात पसरलं. त्यांना यंत्र या वस्तूचा राग होता असंही नाही, त्यातले कित्येक जण स्वतः यंत्रावरच काम करायचे. राग होता तो मजुरी पाडण्याचा, शिकाऊ पोरांना कमी पैशात राबवण्याचा आणि हलका माल काढून धंद्याचं नाव घालवण्याचा. सरकारने काय केलं? १८१२ मध्ये यंत्र फोडणाऱ्याला फाशी देणारा कायदा आणला. कवी लॉर्ड बायरन त्याविरुद्ध हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बोलला, उपयोग झाला नाही. जानेवारी १८१३ मध्ये यॉर्कला १७ जणांना फाशी दिली.

इथं या कथेबद्दल एक गोष्ट खटकते. कामगार चिडले, तर त्याचं कारण त्यांच्या मेंदूतलं रसायन गेलं, असं ती सांगते. मजुरी, तास, मालक यांचा उल्लेखही जवळजवळ नाही. खाणमालक तर चांगलाच माणूस दाखवलाय. ज्या पट्ट्यात गेट मीटिंग, वेतनकरार आणि कंत्राटी कामगारांचा प्रश्न हे रोजचे शब्द आहेत, तिथल्या प्रेक्षकाला हे लगेच जाणवेल. कामगाराचा राग म्हणजे बिघाड, तो दुरुस्त करायचा, ही नजर राणीची आहे हे ठीक. पण कथेचीही थोडी तीच आहे.

मेंदूतून झोप खरंच काढता येते का?

थेट उत्तर : नाही. झोपेचं एकच असं रसायन नाही जे सिरिंजने ओढून बरणीत भरता येईल. पण राणीचा प्रयोग हवेतून आलेला नाही.

१९०९ च्या सुमारास जपानमध्ये कुनिओमी इशिमोरी आणि त्यानंतर फ्रान्समध्ये आंरी पिएरॉन यांनी वेगवेगळे, एकमेकांना न विचारता, जवळपास एकच प्रयोग केला. कुत्र्यांना दिवसच्या दिवस जागं ठेवलं, त्यांच्या मेंदूतला द्रव काढला आणि तो चांगल्या झोपलेल्या कुत्र्यांना टोचला. ती कुत्री झोपली. जागेपणी मेंदूत काहीतरी साचतं आणि तेच झोप आणतं, असा निष्कर्ष निघाला. पिएरॉनने त्याला 'हिप्नोटॉक्सिन' म्हटलं. कुत्र्यांच्या जागी खाणकामगार ठेवा, राणीची प्रयोगशाळा तयार.

आज आपल्याला त्या साचणाऱ्या गोष्टींपैकी एक नीट माहीत आहे, ती म्हणजे ॲडेनोसिन. दिवसभर मेंदूच्या पेशी काम करतात तसं ते वाढत जातं आणि डोळे जड होतात. चहा-कॉफीतलं कॅफीन त्या ॲडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, म्हणून रात्री दोनच्या चहाने तरतरी येते. थकवा जात नाही, फक्त त्याची बातमी मेंदूपर्यंत पोचत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. ते पेशींमध्ये कसं चालतं हे उलगडणाऱ्या हॉल, रोसबाश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ उजेडावर चालतं, म्हणून सकाळच्या उन्हातून घरी आलेल्या नाईटवाल्याला ॲडेनोसिन सांगतं 'झोप' आणि घड्याळ सांगतं 'ऊठ'. भांडण या दोघांचं, हाल माणसाचे. बहुतेकांचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्यामुळे फर्स्ट, मग सेकंड, मग थर्ड अशी पुढे सरकणारी शिफ्ट उलट्या क्रमापेक्षा शरीराला सोसते.

झोप गेल्यावर माणूस पिसाळतो का? कथेइतका नाही, पण चिडचिड, चुकीचे निर्णय, लक्ष न लागणं हे सगळं होतं. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दिसलं की सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा वागतो, २४ तासांनंतर साधारण ०.१० टक्के. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे दिवसभर जागून, रात्रभर लाईनवर उभं राहून जो सकाळी चाकण-तळेगाव रस्त्यावर बाईक काढतो, त्याला पोलिसांच्या यंत्रात फुंकर मारायला लावली तर आकडा शून्य येईल, पण प्रतिक्रियेचा वेग पिणाऱ्यासारखाच असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय, आधी २००७ मध्ये आणि पुन्हा तपासून २०१९ मध्ये.

झोप पूर्णपणे नाहीशी करणारा एक आजारही आहे, फार दुर्मिळ आणि आनुवंशिक. इटलीतल्या एका कुटुंबात तो सापडला आणि डॉक्टरांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं १९८६ मध्ये, राणीची कथा येऊन गेल्यावर वर्षभराने. त्यातून माणूस वाचत नाही.

१९८७ : राणी पुन्हा येते

सप्टेंबर १९८७ मधली 'टाईम अँड द राणी' ही चार भागांची कथा. पडद्यामागे तेव्हा गोंधळ होता. कॉलिन बेकरला बीबीसीने काढून टाकलं होतं आणि डॉक्टरचं शरीर बदलण्याचा प्रसंग करायला तो परत यायला तयार नव्हता. मग नव्या डॉक्टरलाच, सिल्व्हेस्टर मॅककॉयला, कुरळ्या केसांचा टोप घालून जमिनीवर पालथं पाडलं आणि काम भागवलं.

राणीने या वेळी लॅकर्शिया ग्रह ताब्यात घेतलाय. तिथल्या लोकांना ती 'विश्रांती केंद्रात' बसवून ठेवते, वर टांगलेला एक गोळा, त्यात जीवघेणे कीटक. कुणी गडबड केली की गोळा उघडणार. आइनस्टाईन, पाश्चर, हायपेशिया अशा इतिहासातल्या मोठमोठ्या बुद्धिमान लोकांना पळवून आणून त्यांच्या बुद्धीचा एकच अवाढव्य मेंदू तयार करायचा आणि त्याच्या जोरावर काळालाच हवं तसं वळवायचं, असा बेत. स्मृती गेलेल्या डॉक्टरला फसवायला ती त्याच्या सोबतिणीचा, मेलचा, वेश घेते. केट ओमाराने बॉनी लँगफर्डची केलेली ती नक्कल धमाल आहे. चार डोळ्यांची वटवाघळं तिची चाकर. शेवटी तीच उलटतात आणि तिला कैद करून घेऊन जातात.

कथा म्हणून ही कमी प्रतीची मानली जाते आणि ते बरोबरच आहे. रंग भडक, तर्क पातळ. पहिल्या कथेतली थंड शास्त्रज्ञ इथं नेहमीची जग हादरवणारी व्हिलन होते.

मग नोव्हेंबर १९९३ मध्ये 'डायमेन्शन्स इन टाईम' हा मदतनिधीसाठीचा छोटा कार्यक्रम. त्यात राणी डॉक्टरला 'ईस्टएंडर्स' या दुसऱ्याच मालिकेच्या मोहल्ल्यात अडकवते. आपल्याकडे एखाद्या पुरस्कार सोहळ्यात दोन मालिकांची पात्रं एकत्र नाचतात तसला प्रकार, चाहते त्याला खऱ्या कथेत धरत नाहीत.

टीव्हीवर इतकी कमी, तरी एवढं नाव कसं?

मोठं श्रेय केट ओमाराला. १९८६ मध्ये ती अमेरिकेच्या 'डायनेस्टी'त जोन कॉलिन्सच्या बहिणीच्या भूमिकेत गेली, म्हणजे रुबाबदार खाष्ट बाई हा तिचा हुकमी प्रांत. राणी पुन्हा करायची इच्छा तिने शेवटपर्यंत बोलून दाखवली. मोठ्या वयाच्या, ताकदवान बायका पडद्यावर दिसायला हव्यात, असं तिचं म्हणणं होतं. बिग फिनिश या कंपनीच्या ऑडिओ नाटकातून ती परतणारही होती, पण ३० मार्च २०१४ ला ती गेली. ते नाटक, 'द राणी एलिट', त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिओभान रेडमंडच्या आवाजात आलं. नव्या शरीरातली राणी, एवढंच सांगून काम झालं. टाईम लॉर्ड असण्याचा हा फायदा.

दुसरं कारण, त्या काळात अशा बायका मुळातच कमी. 'ब्लेक्स सेव्हन'मधली सर्व्हलान १९७८ मध्ये आली होती. 'स्टार ट्रेक'ची बोर्ग क्वीन यायला १९९६ उजाडलं. 'डॉक्टर हू'मध्येच मास्टरचा बाईच्या रूपातला अवतार, मिसी, २०१४ मध्ये आली, तेव्हाही आधी सगळे म्हणत होते ही राणीच. आपल्याकडे 'शक्तिमान'मध्ये प्रयोगशाळेत बसून उपद्व्याप करणारा डॉक्टर जॅकाल होता, तोही पुरुषच.

मराठी विज्ञानकथेत अशी पुन्हा पुन्हा भेटणारी खलनायिका का नाही? एक सरळ कारण दिसतं. आपली विज्ञानकथा मासिकांत आणि दिवाळी अंकांत वाढली. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा पाठवली, तिथून या प्रकाराला मोठा वाचक मिळाला. पण दिवाळी अंकातली कथा एका बैठकीत संपते. व्हिलनला परत यायला मालिका लागते.

२०२५ : राणी आता भारतीय वंशाची

डिसेंबर २०२३ पासून मालिकेत मिसेस फ्लड नावाची एक शेजारीण दिसत होती. भूमिका अनिता डॉबसनची. प्रेक्षकांकडे थेट बघून बोलायची, जास्त माहिती असल्यासारखी हसायची. सोशल मीडियावर दीड वर्ष अंदाज चालले. १७ मे २०२५ च्या भागाच्या शेवटी उलगडा झाला : ती राणीच. त्याच क्षणी तिच्या शरीराची दोन शरीरं झाली आणि दुसरी राणी म्हणून समोर आली आर्ची पंजाबी.

आर्ची पंजाबी लंडनमध्ये वाढलेली, आईवडील सिंधी. फाळणीनंतर सिंधमधून उठलेल्या कुटुंबांनी वसवलेला पिंपरी कॅम्प ज्यांना रोजचा आहे, त्यांना हे वाचून थोडी आपुलकी वाटायला हरकत नाही. 'द गुड वाईफ' मालिकेतल्या कलिंदा शर्मासाठी तिला २०१० मध्ये एमी मिळाला होता.

नावाचा प्रश्नही यामुळे थोडा सुटला. १९८५ मध्ये गोऱ्या बाईला 'राणी' हे नाव देण्यामागे भारताचा काही संबंध कथेत दाखवला नव्हता. परका, रुबाबदार वाटणारा शब्द, एवढंच. आपल्याकडे हा शब्द संस्कृत 'राज्ञी'पासून आलेला आणि इतका घरचा की आई मुलीला लाडाने राणी म्हणते आणि भायखळ्याच्या बागेला आपण अजून राणीची बाग म्हणतो. ४० वर्षांनी त्या नावाला शोभेलसा चेहरा मिळाला.

२४ आणि ३१ मेच्या दोन भागांत ती एका इच्छापूर्ती करणाऱ्या बाळाच्या शक्तीने सगळं जग बदलते. सगळं कसं नीटनेटकं, १९५० च्या जाहिरातीसारखं. नवरा नोकरीला, बायको स्वयंपाकघरात, आणि शंका घेणं हा गुन्हा. कुणी शंका घेतली की कप टेबलातून आरपार खाली पडतो. ज्याच्या इच्छेने हे जग बनलं त्याच्या डोक्यात अपंग माणसं कधी आलीच नव्हती, म्हणून ती या जगात कुणाला दिसतच नाहीत आणि त्यामुळेच त्यांना सत्य दिसतं. दोन भागांतली ही सगळ्यात चांगली कल्पना.

राणीला ही शंकाच हवी असते. शंकांनी जगाला तडे जावेत, त्यातून ओमेगा हा पहिला टाईम लॉर्ड बाहेर काढावा आणि त्याच्या रक्तातून नष्ट झालेली जमात पुन्हा उभी करावी. तिच्या योजनेत माणसाचं रक्त मिसळलेलं मूल अशुद्ध ठरतं. किलिंगवर्थच्या खाणकामगारांकडे ती जशी बघायची तसंच. ओमेगा बाहेर येतो तो अक्राळविक्राळ होऊन, आणि पहिला घास राणीचाच घेतो. इतक्या वर्षांनी आणलेल्या व्हिलनला असं झटक्यात संपवलं म्हणून चाहते बरेच वैतागले. पंजाबीला जेमतेम दोन भाग मिळाले, तेही गर्दीत.

राणीसारखे शास्त्रज्ञ खरंच असतात?

चार डोळ्यांच्या वटवाघळांचं सोडून द्या, पण न विचारता माणसांवर प्रयोग झालेत. अमेरिकेत टस्कीगीला १९३२ ते १९७२, तब्बल ४० वर्षं, शेकडो कृष्णवर्णीय मजुरांचा सिफिलिस मुद्दाम न बरा करता नुसता पाहिला गेला. पेनिसिलिन मिळायला लागल्यावरही दिलं नाही. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली, तिचं पहिलं कलम स्वेच्छेने दिलेल्या संमतीचं. म्हणजे टस्कीगीतली शेवटची २५ वर्षं ती संहिता असतानाची. भारतात २०१९ च्या नव्या औषध चाचणी नियमांनुसार लेखी, समजावून घेतलेली संमती बंधनकारक आहे आणि नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल घटकातला माणूस असेल तर ती संमती देतानाचं ध्वनिचित्रमुद्रणही करावं लागतं. ज्याला फॉर्म वाचता येत नाही, त्याला नेमकं काय सांगितलं गेलं, हे नंतर पाहता यावं म्हणून.

आणि बरण्यांत सूक्ष्मजीव वाढवणारा प्रत्येक जण राणी नसतो, याचं उदाहरण पिंपरीतच आहे. १९५४ मध्ये उभी राहिलेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, पिंपरीकरांची 'एचए', पेनिसिलिन देशात बनवण्यासाठी होती. तिथल्या शास्त्रज्ञांनी मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशीविरोधी औषध शोधलं, कंपनीच्या नावावरून त्याचं नाव हॅमायसिन. त्या जिवाणूचं शास्त्रीय नाव आहे 'स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना'.

बघायचं असेल तर कुठून सुरुवात?

'द मार्क ऑफ द राणी' आधी बघा, दोनच भाग आहेत आणि प्रत्येक ४५ मिनिटांचा. वेग आजच्या मानाने संथ आहे, विशेष दृश्यं स्वस्तातली आहेत, पण केट ओमारासाठी बसून राहता येतं. मग थेट २०२५ चे शेवटचे दोन भाग. 'टाईम अँड द राणी' सुट्टीच्या दिवशी, चारचौघं मिळून, हसायची तयारी ठेवून.

ती परत येईल का? ओमेगाने गिळली ती आर्ची पंजाबीची राणी. मिसेस फ्लड, म्हणजे अनिता डॉबसनची राणी, त्याच गोंधळात काळप्रवासाचं कडं वापरून सटकली आणि ती अजून कुणाच्या हाती लागलेली नाही.